रांग संपली, पण कारण?

सर्व्हरवर रिक्वेस्टची रांग वाढली की आम्ही सॉफ्टवेअरवाले आधी विचारतो : यातल्या किती दारातूनच परत पाठवता येतील? फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही हाच प्रश्न विचारला, म्हणून मला त्याचा इतिहास जवळचा वाटतो.

१९५९ साली स्थापन झालेलं हे न्यायालय आधी अर्धवेळ चालायचं. अर्ज चाळायला वेगळा आयोग होता. शीतयुद्ध संपलं, पूर्व युरोपातले देश आले, अर्ज वाढले. १९९८ मध्ये आयोगाची चाळणी काढून पूर्णवेळ न्यायालय उभं राहिलं. आता कुणालाही सरकारविरुद्ध थेट दाद मागता येऊ लागली. रांग आणखी वाढली. २०११ अखेर दीड लाखांहून जास्त अर्ज पडून होते.

यावर उपाय होता चौदावा प्रोटोकॉल. उघडच न टिकणारा अर्ज फेटाळायला पूर्वी तीन न्यायाधीशांचं एकमत लागायचं, आता एकच पुरे. २००४ चा हा करार रशियाने अडवल्यामुळे २०१० मध्ये लागू झाला. २०१५ संपताना रांग निम्म्याहूनही कमी झाली होती.

पण नाकारलेल्या माणसाला साच्यातलं पत्र जायचं. आपल्या अर्जात नेमकं काय कमी पडलं, ते त्यात नसायचं. अपीलही नाही. थोडक्यात कारण कळवायला सुरुवात झाली ती २०१७ मध्ये.

आमच्या लॉगमध्ये ‘रिजेक्टेड’ ही एक ओळ असते. तिथे त्या ओळीमागे तुरुंगातला माणूस असू शकतो. कारण सांगायची सोय पहिल्या दिवसापासून हवी होती. ती सात वर्षं उशिरा आली.