द्यूतगृहांतील पाहुणचार

जेवणाच्या ताटावरून इतिहासाकडे वळणें इतिहासाच्या अध्यापकास शोभत नाहीं, असें माझे कांहीं व्यवसायबंधु म्हणतील. त्यांच्या मतें इतिहासाची सुरुवात लढाईनें, तहानें किंवा निदान एखाद्या सनदेनें तरी झाली पाहिजे. परंतु अमेरिकेंतील लास व्हेगस शहरीं एका बड्या द्यूतगृहाच्या भोजनालयांत आम्हीं एका रात्रीं जें जेवण घेतलें, त्यानें पोट नीटसें भरलें नाहीं. एक प्रश्न मात्र असा मागें लागला कीं, परत आल्यावर माझे कित्येक महिने त्याच्याच नादांत गेले. त्या वाचनांतून जें हातीं आलें तें वाचकांपुढें ठेवितों.

माझा भाचा कॅलिफोर्नियांत नोकरीस आहे. त्याचें कॉलेजचें शिक्षण पुण्यास आमच्याच घरीं झालें. चार वर्षें तो आमच्या पंक्तीस जेवला. आम्हांस त्याचें ओझें कधीं वाटलें नाहीं. त्याला मात्र तें वाटत असावें. आम्ही उभयतां त्याच्याकडे गेलों तेव्हां, "मामा, मामी, एक रात्र तरी मी तुम्हांला माझ्या मनासारखें जेवूं घालणार," असा त्यानें हट्टच धरला आणि आम्हांला वाळवंट ओलांडून लास व्हेगसला नेलें. ज्या हॉटेलांत आम्ही उतरलों त्याच्या तळमजल्यावर द्यूतगृह आणि त्याच्या एका अंगास हें भोजनालय. तिकडे अशा भोजनालयांस स्टेकहाउस म्हणतात. स्टेक म्हणजे विस्तवावर भाजलेला गोमांसाचा जाड तुकडा. तो तेथील मुख्य पदार्थ. आमच्या घरीं मासे चालतात, तें मांस चालत नाहीं. म्हणून आम्हां दोघांसाठीं मासा आणि भाच्यासाठीं स्टेक असा बेत ठरला.

साडेसातची वेळ आधीं मुक्रर केली होती. जागा मिळाली सव्वाआठास. तोंवर आम्हांस उभें केलें होतें तें नेमकें नाणीं गिळणाऱ्या यंत्रांच्या रांगेंत. टेबलाशीं बसतांच पहिला प्रश्न आला तो पाण्याचा : साधें कीं बाटलीचें? मग कळलें कीं, माशाच्या किंमतींत केवळ मासा येतो. बटाटा वेगळा, भाजी वेगळी, आणि स्टेकवर घालावयाचें कालवणही वेगळें. वाढपी अत्यंत विनयशील होता. परंतु आम्हीं कांहीं मागितलें कीं, त्याहून महाग असें दुसरें कांहीं तो तितक्याच विनयानें सुचवी. मासा आला तो कोरडा आणि निवालेला. भाच्यानें स्टेक बेताचा भाजलेला मागितला होता. तो बाहेरून कोळसा होऊन आला. त्यानें तो परत पाठविला नाहीं. आमच्यासमोर तक्रार करणें त्याला कमीपणाचें वाटलें असावें. बिल आलें तेव्हां त्यानें तें तळव्याखालीं झांकलें. "छान झालें जेवण," मी म्हणालों. "मामा, खोटें बोलूं नका," तो म्हणाला, आणि मग खोलीपर्यंत कोणी बोललें नाहीं.

वाईट जेवण जगांत कोठेंही मिळतें. त्यासाठीं लेख लिहिण्याचें कारण नाहीं. मला टोंचलें तें दुसरेंच. इतक्या संपन्न वास्तूला तीन माणसांना समाधानानें जेवूं घालतां येऊं नये, हें कसें? आणि मुळांत द्यूतगृहांत स्वयंपाकघर असतें तें कशासाठीं?

आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध द्यूताची सुरुवात पाहुणचारानेंच झाली आहे. धृतराष्ट्रानें विदुरास पाठवून पांडवांना आमंत्रण केलें, त्यांत नवी सभा पाहावयास या हा भाग होता. पांडव आले, आप्तांच्या भेटी झाल्या, भोजन झालें, रात्रीची झोंप झाली. फांसे पडले ते दुसऱ्या दिवशीं सकाळीं. जो लुटणार आहे त्यानें आधीं जेवूं घालावें, ही रीत अशी जुनी आहे. कौटिल्याचा मार्ग याहून सरळ. अर्थशास्त्रांत द्यूताध्यक्षानें काय घ्यावें हें त्यानें स्पष्ट सांगितलें आहे : जिंकलेल्या द्रव्यावर शेंकडा ५, फांसे वगैरे साहित्याचें भाडें, आणि पाण्याचा व जागेचा मोबदला. पाण्याचे पैसे कौटिल्यही घेतो. परंतु तो राजाचा कर म्हणून घेतो, पाहुणचाराचा आव आणून नव्हे.

युरोपांत या दोन रीतींचा खरा कारागीर निघाला तो विल्यम क्रॉकफर्ड. हा लंडनमधील एका मासळीविक्याचा मुलगा. १८२८ सालीं त्यानें सेंट जेम्स स्ट्रीटवर एक क्लब उघडला. सभासदांत मोठमोठे उमराव होते. वॉटर्लूचा विजेता वेलिंग्टनही होता. मुदपाकखान्यावर क्रॉकफर्डनें लुई यूस्ताश यूद हा नामांकित फ्रेंच आचारी नेमला. रात्रीच्या उत्तम जेवणाचे आणि मद्याचे पैसे सभासदांकडून घेत नसत. बाजूच्या दालनांत हॅझर्ड नांवाचा फांशांचा खेळ चाले आणि त्यांत सर्वांच्या विरुद्ध पैसा लावणारा क्रॉकफर्ड स्वतः असे. इंग्लंडांतील कित्येक जुन्या घराण्यांची मिळकत त्या टेबलावरून मासळीविक्याच्या मुलाकडे गेली. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. जेवण फुकट होतें, म्हणूनच तें उत्कृष्ट असणें भाग होतें. गळाला लावलेलें आमिष नासकें असेल, तर मासा जवळ येत नाहीं; आणि हें क्रॉकफर्डला कोणीं शिकवावें लागलें नसेल!

पुढचें नांव फ्रांस्वा ब्लां याचें. त्यानें व त्याच्या जुळ्या भावानें १८४१ सालीं जर्मनींतील होम्बुर्ग येथें द्यूतगृह काढलें. रूलेटच्या चक्रावर इतरत्र दोन शून्यें असत. यांनीं एकच ठेवलें. मालकाचा वांटा त्यामुळें कमी झाला आणि गिऱ्हाईक वाढलें. १८६३ मध्यें ब्लांनें मोनाकोच्या राजाकडून तेथील मक्ता घेतला. दुसऱ्याच वर्षीं द्यूतगृहाशेजारीं ओतेल द पारी उभें राहिलें, १८६८ सालीं आगगाडी आली, आणि १८७२ च्या अखेरीस जर्मनींतील द्यूतगृहें बंद पडल्यावर मोंटे कार्लोला युरोपांत फारसा प्रतिस्पर्धी उरला नाहीं. १८८४ मध्यें तेथील ग्रँड हॉटेलांत सेझार रिट्झच्या हाताखालीं ऑग्यूस्त एस्कोफिए हा आचारी आला. आधुनिक हॉटेलांची आणि आधुनिक फ्रेंच पाकशास्त्राची घडी ज्यांनीं बसविली, ते हे दोन पुरुष प्रथम एकत्र आले ते द्यूताच्या गांवीं, हा कांहीं केवळ योगायोग नव्हे. ज्या गांवीं हरलेला पैसा वाहत येतो तेथें स्वयंपाकघराचा हिशेब कोणी काटेकोर पाहत नाहीं.

आतां लास व्हेगस. नेव्हाडा संस्थानानें १९ मार्च १९३१ रोजीं द्यूत कायदेशीर केलें. ते मंदीचे दिवस होते आणि जवळच कोलोराडो नदीवर हूवर धरणाचें काम सुरू होत होतें. ३ एप्रिल १९४१ रोजीं शहराबाहेरच्या हमरस्त्यावर एल रांचो व्हेगस हें हॉटेल उघडलें. आज 'स्ट्रिप' म्हणून जो रस्ता जगप्रसिद्ध आहे त्यावरचें हें पहिलें द्यूतगृह-हॉटेल. त्याच दशकांत तेथें एका डॉलरांत रात्रीं हवें तितकें खा, अशी मांडणी सुरू झाली. हेतु साधा होता : खेळणारा भुकेमुळें उठून दुसरीकडे जाऊं नये. शहरांत बेनी बिनियनच्या हॉर्सशू द्यूतगृहानें तर रात्रीं उशिरा दोन डॉलरांत स्टेक देण्याची ख्याति मिळविली. ज्या देशांत स्टेक हा सुबत्तेचा पुरावा, तेथें दोन डॉलरांतील स्टेक म्हणजे मजुरालाही एका रात्रीपुरतें उमराव करणें होतें. तोटा अर्थात् फांशांच्या टेबलानें भरून निघे. सेंट जेम्स स्ट्रीटचा क्रॉकफर्ड असा वाळवंटांत पुन्हां अवतरला.

हें चक्र फिरलें तें कायद्यानें. पूर्वीं द्यूतगृहाच्या प्रत्येक भागीदाराला परवाना लागे. त्यामुळें हजारों भागधारकांच्या कंपन्यांना या धंद्यांत शिरणें अशक्य होतें. १९६७ व १९६९ च्या कायद्यांनीं ही अडचण दूर झाली. जुन्या मालकांपैकीं कित्येकांचे संबंध गुन्हेगारांशीं होते. ते गेले हें चांगलेंच झालें. परंतु त्यांच्या जागीं हिशेबनीस आले, आणि हिशेबनिसाच्या वहींत स्वयंपाकघराचें एक स्वतंत्र पान असतें. त्या पानावर तोटा कां, हा प्रश्न त्यानें विचारणें क्रमप्राप्तच होतें. १९९२ सालीं वुल्फगँग पक या प्रसिद्ध आचाऱ्यानें सीझर्स पॅलेसच्या बाजारपेठेंत आपलें भोजनालय उघडलें. १९९८ मध्यें बेलाजिओ हॉटेल उघडलें तें नामांकित आचाऱ्यांच्या भोजनालयांची माळ घेऊनच. त्या दशकाच्या अखेरीस स्ट्रिपवरील बड्या द्यूतगृहांच्या उत्पन्नांत द्यूताचा वांटा निम्म्याच्या खालीं आला. खोल्या, खेळ-तमाशे, मद्य आणि जेवण यांतून त्याहून अधिक पैसा येऊं लागला. पूर्वीं जें आमिष होतें तेंच आतां मासेमारीचें जाळें झालें.

यावरून तेथें चांगलें अन्न मिळतच नाहीं, असा अर्थ कोणीं काढूं नये. त्यांतलीं कांहीं भोजनालयें खरोखरच उत्तम म्हणून गाजलीं. माझें म्हणणें इतकेंच कीं, जेवण चांगलें असण्याची जी निकड क्रॉकफर्डला होती, ती आतां उरलेली नाहीं. गिऱ्हाईक एका रात्रीचें. तें आधींच त्या छपराखालीं उतरलेलें. उद्यां त्याच्या जागीं दुसरें येणार. अमेरिकेंतील रूलेटच्या चक्राला अद्यापि बहुधा दोन शून्यें असतात. ३८ खाने, आणि जिंकल्यास एकास ३५ मिळावयाचे. हिशेब केला तर मालकाचा वांटा शेंकडा ५.२६ पडतो, कौटिल्याच्या पांचाहून किंचित् अधिक. पण चक्रावरचीं शून्यें निदान डोळ्यांना दिसतात. आमच्या टेबलावरचीं शून्यें बिल आल्यावर दिसलीं.

हा प्रश्न आपल्याला अगदींच परका नाहीं. १९७६ सालीं महाराष्ट्रानें द्यूतगृहांना परवाने देण्याचा कायदा केला, परंतु तो अमलांत कधीं आलाच नाहीं. २०२३ मध्यें तो रद्द करण्याचा निर्णय मंत्रिमंडळानें घेतला. गोव्यानें १९९२ मध्यें पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना आणि १९९६ मध्यें जहाजांवर टेबलावरच्या खेळांना वाट करून दिली. पणजीस मांडवीवर उभ्या असलेल्या त्या बोटींत प्रवेशाच्या पैशांतच जेवण देण्याचा प्रघात पडला. म्हणजे तेथें क्रॉकफर्डचीच रीत चालू राहिली. पुढें तेथेंही हिशेबनीस पान उलटणार नाहीं, असें इतिहास जाणणारा मनुष्य सांगूं शकणार नाहीं.

मग या दोहोंत बरें कोणतें, फुकटचें आमिष कीं उघड विक्री? तत्त्वतः मी कौटिल्याच्या बाजूचा आहें. पैसे घ्यावे, पण सांगून घ्यावे. तथापि त्या रात्रीं माझें मन खट्टू झालें तें पैशांसाठीं नव्हे, माशासाठींही नव्हे. द्यूताच्या परिभाषेंत इंग्रज लोक मालकपक्षाला 'घर' म्हणतात. त्या घरांत यजमान एकच, तो स्वतः. बाकी सारे, पैसे मोजणारेही, त्याचे खेळगडी. माझा भाचा त्या रात्रीं यजमान होण्यासाठीं आला होता. पानाशीं बसून आग्रह करावा, कमीजास्त पाहावें, समोरच्याच्या तोंडावरची तृप्ति डोळे भरून पाहावी, एवढेंच त्याला हवें होतें. तें यजमानपद विकत मिळेल अशी त्याची समजूत होती, आणि त्याची किंमतही त्यानें भरली. परंतु आग्रहाचें काम वाढप्यानें केलें, आणि तें त्याच्या खिशाला. त्याच्याकडे उरलें तें बिल झांकण्याचें काम. आणि मी जें सौजन्याचें खोटें बोललों, त्यानें मीही त्याला पाहुण्यासारखेंच वागविलें, हें मला फार उशिरा कळलें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही त्याच्या घरीं परतलों तेव्हां रात्र झाली होती. मामीला बसवून त्यानें स्वतःच खिचडी टाकली. ती खालीं थोडी लागली होती. मीं तसें सांगितलें. तो हंसला, आणि वरची वरची खिचडी आम्हांला वाढून खालची त्यानें आपल्या पानांत घेतली.