स्वयंसेवक म्हणविला गेलेला कामगार

उपनगरी मुंबईच्या सांस्कृतिक इतिहासात आपण लोकलगाड्या, चाळी, वसाहती आणि ग्रंथालयांविषयी भरभरून लिहितो. अंधेरी-बोरिवलीचा किंवा घाटकोपर-मुलुंडचा कचरा गोराई, मुलुंड आणि देवनारच्या क्षेपणभूमीपर्यंत वर्षानुवर्षे कोणी पोहोचविला, हे मात्र त्यात येत नाही.

महापालिकेच्या कायम सफाई कामगाराला निदान चौकी होती, मस्टरवर नाव होते, निवृत्तिवेतन होते. लाड समितीच्या शिफारशींमुळे वारसालाही नोकरी मिळे. हे काम प्रामुख्याने दलितांच्याच वाट्याला आले, हे विसरून त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. पण खासगीकरणाने जात तशीच ठेवली आणि सुरक्षितता तेवढी काढून घेतली.

हे घडले कसे? १९७० चा कंत्राटी कामगार कायदा वीस किंवा अधिक कामगार असलेल्या कंत्राटदाराला लागू होई. तेव्हा वीसपेक्षा कमी माणसांची छोटी कंत्राटे निघू लागली. पुढे कंत्राटदाराच्या जागी 'संस्था' आली, कामगाराचा 'स्वयंसेवक' झाला आणि वेतनाचे 'मानधन'. मानधन हा आपल्या साहित्यव्यवहारातला शब्द. व्याख्यात्याच्या हाती पाकीट देताना वापरायचा. कचऱ्याच्या गाडीवर तो चढला तेव्हा त्यात मान नव्हता आणि धनही किमान वेतनाहून कमी होते. भाषेच्या अभ्यासकांनी याकडे लक्ष द्यावयास हवे होते, असे आम्हांस वाटते.

लक्ष दिले ते कामगारांनी. मिलिंद रानडे यांच्या पुढाकाराने १९९७ साली उभ्या राहिलेल्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने या शब्दांनाच न्यायालयात आव्हान दिले. २०१४ साली औद्योगिक न्यायाधिकरणाने ही कंत्राटे बनावट ठरवून २,७०० कामगारांना कायम करण्याचा आदेश दिला. महापालिका उच्च न्यायालयात गेली, तेथे २०१६ च्या डिसेंबरात हरली. ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयातही तेच झाले.

यानंतर अडचण आली ती शुद्धलेखनाची! यादीतले नाव आणि ओळखपत्रावरचे नाव यांच्या स्पेलिंगमध्ये फरक पडला म्हणून, निकाल हाती असूनही, अनेकांच्या नेमणुका रखडल्या. ज्यांचे नाव इतकी वर्षे कोणत्याही मस्टरवर नीट लिहिलेच गेले नव्हते, त्यांच्याकडे आता अचूक अक्षरांचा पुरावा मागितला जात होता.

२०२५ साली महापालिकेने शहरातील बहुतेक विभागांचे कचरा संकलन आणि वाहतूक सात वर्षांसाठी खासगी ठेकेदारांकडे सोपविण्याची निविदा काढली, तेव्हा एरवी आपापली वाट धरणाऱ्या कामगार संघटना तिच्याविरुद्ध एकत्र आल्या.