वार्धक्य व ड जीवनसत्त्व
वार्धक्यात शरीरातील ड जीवनसत्त्वाचे प्रमाण अनेकदा घटते. या घटीचे प्रमुख कारण आतड्यातील शोषण मंदावणे हे नसून त्वचेतील निर्मिती कमी होणे हे आहे.

सूर्यप्रकाशातील अतिनील-ब किरणांमुळे त्वचेतील ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल या द्रव्यापासून ड३ जीवनसत्त्व तयार होते. वयानुसार हे द्रव्य कमी होत जाते. मॅकलॉफलिन व हॉलिक यांच्या १९८५ मधील अभ्यासात ७७ ते ८२ वर्षे वयाच्या व्यक्तींच्या त्वचेची निर्मितिक्षमता ८ ते १८ वर्षे वयोगटाच्या तुलनेत निम्म्याहून कमी आढळली. उन्हातील वावर कमी झाल्यानेही निर्मिती घटते.

आहारातील ड जीवनसत्त्व मेदविद्राव्य असून ते पित्ताच्या साहाय्याने लहान आतड्यात शोषले जाते. निरोगी वृद्धांमध्ये हे शोषण बहुतांशी टिकून राहते. मात्र मूत्रपिंडांचे कार्य मंदावल्यास या जीवनसत्त्वाचे कॅल्सिट्रायॉल या सक्रिय रूपात होणारे रूपांतर घटते. त्यामुळे कॅल्शियमचे शोषणही कमी होते. दीर्घकालीन कमतरतेमुळे अस्थिमृदुता व स्नायूंची दुर्बलता उद्भवते आणि अस्थिभंगाचा धोका वाढतो.

अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१० मध्ये ७० वर्षांपर्यंतच्या प्रौढांसाठी दररोज १५ मायक्रोग्रॅम, तर त्यापुढील वयासाठी २० मायक्रोग्रॅम मात्रेची शिफारस केली. अतिसेवनाने रक्तातील कॅल्शियम अपायकारक पातळीपर्यंत वाढू शकते.