दस्तऐवजांचे गोपनीयता-अंकन

दस्तऐवजातील मजकूर कोणी वाचावा, कोणी त्याची नक्कल करावी व तो कोणापर्यंत जाऊ नये, हे दर्शविण्यासाठी त्यावर केलेल्या खुणेस गोपनीयता-अंकन म्हणतात. शिक्का, लाखेची मोहोर, पाकिटावरील शब्द किंवा संगणकीय फाइलीत नोंदलेली निर्देशिका, यांपैकी कोणत्याही स्वरूपात ही खूण असू शकते. खूण स्वतः काहीच लपवीत नाही; ती वाचणाऱ्यास दिलेली आज्ञा असते. त्या आज्ञेचे पालन कशाच्या बळावर होते व ती मागे घेण्याचा अधिकार कोणाकडे असतो, हे या विषयाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होत.

मराठी राजवटीतील पत्रव्यवहारात गोपनीयतेपेक्षा अस्सलपणाच्या रक्षणाकडे अधिक लक्ष दिलेले दिसते. पत्राच्या माथ्यावर मुख्य शिक्का व मजकूर संपताच लहान मर्यादामुद्रा उमटवीत. तिच्यामुळे खाली कोणास एखादी ओळ वाढविता येत नसे. या शेवटच्या मुद्रेस मोर्तब म्हणत आणि ‘शिक्कामोर्तब’ हा आजचा शब्द तिची आठवण ठेवून आहे. खरोखर गुप्त असे मात्र खुणेवर सोपवीत नसत. ते सांकेतिक शब्दांत लिहीत किंवा विश्वासू माणसाबरोबर तोंडी कळवीत.

पेशवाईच्या अस्तानंतर (१८१८) पुण्याचे दप्तर कंपनी सरकारच्या ताब्यात गेले. इनामांच्या चौकशीसाठी सरकारने त्याचा भरपूर उपयोग केला. अभ्यासकांना मात्र ते दीर्घकाळ खुले नव्हते. जुन्या हक्कांचे व राजकीय वादाचे प्रश्न त्यातून पुन्हा उभे राहतील, ही भीती त्यामागे होती. येथे प्रत्येक रुमालावर गोपनीयतेची खूण असण्याची गरजच नव्हती, कारण दप्तरखान्याचे दार हीच खूण होती. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी खेडोपाडी हिंडून खाजगी घराण्यांची कागदपत्रे मिळविली व १८९८ पासून ती मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेत छापली. दप्तराचे दार खऱ्या अर्थाने किलकिले झाले ते १९२९ नंतर. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादित केलेले निवडक कागदपत्रांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. तोवर राजवाडे दिवंगत झाले होते (१९२६).

आधुनिक शासकीय अंकनास १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाचा आधार आहे, असे सामान्यतः मानले जाते. तथापि त्या अधिनियमात ‘गुप्त’ या शब्दाची व्याख्या नाही. परमगुप्त, गुप्त, गोपनीय व प्रतिबंधित या श्रेणी खात्यांच्या अंतर्गत सूचनांतून आल्या आहेत. गुप्त कागद दुहेरी पाकिटातून पाठविण्याची रीतही कचेऱ्यांत रूढ झाली. आतील पाकिटावर श्रेणी व लाखेची मोहोर, तर बाहेरील पाकिटावर केवळ पत्ता असे. ही युक्ती मार्मिक आहे, कारण ‘गुप्त’ हा शब्द वाचूनच पुष्कळांचे कुतूहल जागे होते.

श्रेणी ठरविणारा अधिकारीच पुष्कळदा ती ठरविण्यात हितसंबंधी असतो, हा या पद्धतीचा मूळ दोष होय. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी येथे ७ मे १९७० रोजी जातीय दंगल झाली. भिवंडी, जळगाव व महाड येथील घटनांच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्या. मादन यांच्या आयोगाने पोलिसांच्या विशेष तपास पथकाच्या पक्षपाती कामावर कठोर ताशेरे ओढले. तपासाची कागदपत्रे पोलिसांच्याच कपाटात राहिली असती, तर असा निष्कर्ष निघणे कठीण होते. राज नारायण खटल्यात (१९७५) सर्वोच्च न्यायालयाने सरकारी कागद रोखून धरण्याचा दावा तपासण्याचा अधिकार न्यायालयाचा असल्याचे स्पष्ट केले. २००५ च्या माहितीचा अधिकार अधिनियमानुसार शासकीय गुपिते अधिनियम आड येत असला, तरी सार्वजनिक हित अधिक मोठे असेल तेव्हा माहिती देता येते. केवळ शिक्का हे नकाराचे कारण ठरत नाही.

यंत्रमागांसाठी प्रसिद्ध असलेल्या भिवंडीभोवती पुढे गोदामांचा मोठा विस्तार झाला. मुंबईतील बँका व कंपन्यांचे जुने कागद खोक्यांत भरून ठेवणारी गोदामेही त्यांत आहेत. अशा खोक्यावर आतील मजकुराचे नाव लिहीत नाहीत; केवळ क्रमांक व पट्टीसंकेत (बारकोड) असतो. खूण नसणे हेच येथे संरक्षण.

मेघसंचयात (क्लाउड) कपाट व दार दोन्ही नाहीशी होतात. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये सार्वजनिक मेघसेवांच्या वापराचे धोरण स्वीकारले. दूरच्या संगणकांवर ठेवलेल्या फाइलीची प्रत एका क्षणात बाहेर जाऊ शकते. म्हणून खूण फाइलीबरोबरच प्रवास करील अशी योजना करावी लागते. ‘सार्वजनिक’, ‘अंतर्गत’, ‘गोपनीय’ यांसारखी निर्देशिका लेखक स्वतः निवडतो. किंवा बारा अंकी आधार क्रमांकासारखी रचना आढळताच प्रणाली ती सुचविते अथवा लावते. वरच्या श्रेणीस बहुधा कूटलेखन जोडलेले असते. फाइल उघडताना वाचकाची ओळख पटविली जाते व परवानगी असेल तरच किल्ली मिळते. वाचणे, बदल करणे, छापणे व पुढे पाठविणे यांच्या परवानग्या वेगवेगळ्या देता येतात. पडद्याचे छायाचित्र काढणाऱ्यास मात्र ही योजना पुरतेपणी रोखू शकत नाही. निर्देशिकेस कूटलेखन जोडलेले नसेल, तर ती जुन्या रबरी शिक्क्याहून फार वेगळी राहत नाही.

कूटलेखनातून एक नवाच प्रश्न उद्भवतो. पेशवे दप्तराचे रुमाल शतकभर बंद असूनही मोडी जाणणाऱ्यास वाचता आले. किल्ली नष्ट झालेला कूटलिखित दस्तऐवज कोणासच वाचता येत नाही. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाखालील १९९७ च्या नियमांत गुप्त अभिलेखांची श्रेणी ठरावीक काळाने तपासून उतरविण्याची तरतूद आहे. परंतु फाइल उघडतच नसेल, तर ती तपासणार कोण? काही प्रणालींत संस्थेच्या नियुक्त अधिकाऱ्यास सर्व संरक्षित फाइली उघडण्याचा राखीव अधिकार देता येतो. तो आपोआप लागू होत नाही; संस्थेने तो हेतुतः सुरू करावा लागतो.