हे म्हणणे कोणाचे?

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला शंभर वर्षांपूर्वीचे पाठ्यपुस्तक खुशाल बाजूला ठेवता येते. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला ही सवलत नाही. अ‍ॅरिस्टॉटल, नागार्जुन, कांट आणि ताज्या अंकातला एखादा लेख त्याच्या टेबलावर एकाच वेळी उघडे असतात आणि चौघांचाही वाद अजून मिटलेला नाही. 'नवे ते विश्वसनीय' ही कसोटी इथे फारशी कामाची नाही. मग कोणत्या लेखनावर किती भार टाकायचा, हे ठरवायचे कसे? पहिल्यांदाच स्वतःच्या बळावर शोधनिबंध लिहायला बसलेल्यांचे या वाटेवर मनापासून स्वागत. वाट अवघड आहे, पण तिच्यावर चालताना विषयच शिकून होतो.

एक प्रश्न घेऊ. एखादी गोष्ट खरी आहे, मला ती खरी वाटते आणि तसे वाटायला माझ्यापाशी कारणही आहे. एवढ्यावर मला तिचे ज्ञान झाले, असे म्हणता येईल का? १९६३ साली एडमंड गेटिअर यांनी 'अ‍ॅनालिसिस' या नियतकालिकात अवघ्या तीन पानांत 'नाही' असे उत्तर दिले. त्या तीन पानांवरचे लेखन अजून थांबलेले नाही. या प्रश्नावर थेट गूगलमध्ये शोध घेतला, तर इतके काही समोर येते की कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. म्हणून आधी कोश उघडावा. दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला तीन खंडांचा 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' आपल्या भाषेत आहे आणि आजच्या विद्यार्थ्यांनी तो फार कमी उघडला आहे, असे मला खेदाने वाटते. तो १९७४चा असल्याने पुढच्या चर्चेसाठी इंटरनेटवरचा 'स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी' पाहावा. तो विनामूल्य आहे. त्यातल्या नोंदी जाणकारांनी लिहिलेल्या, इतर जाणकारांनी तपासलेल्या असतात आणि वेळोवेळी सुधारल्या जातात. म्हणून संदर्भ देताना कोणती आवृत्ती वाचली तेही नोंदवावे. नोंद वाचून झाली की खालची ग्रंथसूची सोडू नये. खरा शोध तिथून सुरू होतो.

आता कपाटांकडे. ड्यूई पद्धतीने लावलेल्या ग्रंथालयात ज्ञानमीमांसा १२१ या वर्गांकाखाली असते, न्यायदर्शन १८१.४३ खाली, आणि गीतेवरचे लेखन धर्माच्या विभागात, २९४.५९२४ पाशी. एकच प्रश्न तीन कपाटांत विभागला जातो. जो फक्त १२१ पाशी उभा राहील, त्याला ज्ञान म्हणजे काय हा विचार केवळ पश्चिमेत झाला असे वाटू लागेल, आणि त्यात दोष त्याचा नसून मांडणीचा असेल.

दुसऱ्या कपाटाकडे नेणारे पुस्तक म्हणजे बिमल कृष्ण मतिलाल यांचे १९८६ सालचे 'परसेप्शन'. त्यात बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाच्या 'खंडनखंडखाद्या'ची चर्चा आहे. मुठीत कवड्या किती, असे कोणी विचारले; दुसऱ्याने नुसत्या अंदाजाने 'पाच' म्हटले आणि निघाल्याही पाच. हे ज्ञान का? हे वाचून विद्यार्थी हरखतो आणि लिहून टाकतो, 'गेटिअरच्या आठशे वर्षे आधी हे आपल्याकडे सांगितलेच होते.' इथे थांबावे. गेटिअर ज्ञानाची एक व्याख्या अपुरी ठरवत होते. श्रीहर्ष अद्वैती, त्याला नैयायिकांची कोणतीच व्याख्या टिकत नाही, हे दाखवायचे होते. उदाहरणे शेजारची आहेत, हेतू फार वेगळे आहेत. तो फरक सांगणाऱ्या परिच्छेदातच निबंधाचा जीव असतो.

म्हणून हाती आलेल्या प्रत्येक वाक्याला मी एकच प्रश्न विचारायला सांगतो: हे म्हणणे कोणाचे आणि कोणाविरुद्ध? आपल्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, मांडतात, तोही पुष्कळदा पूर्ण ताकदीने, आणि मग त्याचे खंडन करतात. सूचीवरून पान उघडून एक वाक्य उचलणारा पूर्वपक्षच ग्रंथकाराचे मत म्हणून उद्धृत करतो. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये थ्रॅसिमॅकस न्यायाबद्दल जे बोलतो, ते प्लेटोच्या नावावर खपवणे हीच चूक. चार्वाकांच्या बाबतीत तर अडचण आणखी खोल आहे. त्यांचे स्वतःचे लेखन जवळजवळ हाती नाही. चौदाव्या शतकातल्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त त्यांचे दर्शन पहिले येते, पण ते सांगणारा वेदान्ती आहे. उलट आ. ह. साळुंखे यांचे 'आस्तिकशिरोमणी चार्वाक' त्यांची बाजू घेऊन उभे राहते. दोन्ही वाचावीत आणि कोण कुठे उभा आहे हे तळटीपेत सांगावे.

लेखक नामवंत आहे, एवढ्याने भागत नाही. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण आहे, पण ते आप्ताचे, म्हणजे विश्वासार्ह व्यक्तीचे, शब्द असतील तर. आणि वात्स्यायन न्यायसूत्रांवरच्या आपल्या भाष्यात बजावतो की आप्ताचे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सर्वांना सारखेच लागू आहे. त्याने गोष्ट साक्षात जाणलेली हवी आणि ती जशी आहे तशी सांगण्याची त्याची इच्छा हवी. प्रकाशनसंस्थेचे नाव, जर्नलमधले तज्ज्ञ परीक्षण, लेखकाचे पद यांचा उपयोग या दोन अटी पुऱ्या होत असल्याची शक्यता जोखण्यापुरता.

मूळ ग्रंथाची प्रतही निवडून घ्यावी लागते. न्यायाच्या अभ्यासात लागणारा 'तर्कसंग्रह' बाजारात अनेक छपायांत मिळतो. अथल्ये आणि बोडस यांची १८९७ची आवृत्ती तिच्या प्रस्तावनेसाठी आणि विस्तृत टिपांसाठी आजही काढून पाहण्याजोगी आहे. पारिभाषिक शब्द अडला तर झळकीकरांचा 'न्यायकोश' शेजारी असू द्यावा. कांटच्या पहिल्या 'क्रिटिक'च्या १७८१ आणि १७८७ या दोन आवृत्त्यांत मोठे फरक आहेत. पृष्ठांक कोणत्या आवृत्तीचा, हे न लिहिल्यास वाचकाला तो उतारा पडताळता येत नाही.

मराठी नियतकालिकांसाठी थोडी पायपीट करावी लागेल. पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाच्या 'परामर्श'चे जुने अंक आणि १९१६ साली अमळनेरला सुरू झालेल्या तत्त्वज्ञान केंद्राची प्रकाशने प्रत्येक महाविद्यालयात नसतात. ग्रंथपालांकडे जाताना 'ज्ञानमीमांसेवर काही आहे का' असे विचारू नये. लेखकाचे नाव, लेखाचे शीर्षक, वर्ष आणि अंक कागदावर लिहून न्यावा, आणि तो लेख नेमका कशासाठी हवा आहे तेही सांगावे. दुसऱ्या ग्रंथालयातून काय मागवता येईल, हे मग त्यांना सुचवता येते.