कोंड आणि काचपेटी

ज्या महाडास सावित्रीला गांधारी येऊन मिळते आणि ज्या पोलादपुराभोवतीच्या डोंगरांतून पावसाळ्याचे चार महिने पाण्याचे लोट उतरत असतात, त्या मुलखात मासा विकत आणून काचेत ठेवण्याची हौस कोणास व्हावी, याचे जुन्या पिढीस नवलच वाटले असते; कारण त्या पिढीच्या लेखी पाळलेले मासे म्हणजे वाळण कोंडातले. काळ नदीच्या या खोल डोहात महाशीर जातीचे मासे वरदायिनी देवीचे म्हणून अभय पावून नांदतात. भाविक त्यांस चुरमुरे टाकतात, गळ मात्र कोणी टाकीत नाही. बंदोबस्ताचे काम श्रद्धेने पत्करले, हे सर्वांस दिसते. परंतु डोहातील मळ पुढे नेण्याची, वरून ताजे पाणी आणण्याची आणि खडकांवरून उतरताना त्यात हवा मिसळण्याची चाकरी नदी बिनबोभाट बजावीत असते, ती सहसा कोणाच्या हिशेबी धरली जात नाही.

काचपेटीचा इतिहास हा या गैरहजर नदीची बदली शोधण्याचा इतिहास होय. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 साली लोकांसाठी मत्स्यगृह उघडले, पुढच्याच वर्षी फिलिप गॉस यांचा या विषयावरील ग्रंथ निघाला, आणि तेथील सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यांत लोखंडी चौकटीच्या पेट्या येऊन बसल्या. या पेट्यांच्या सांध्यांत लांबी भरलेली असे. पेटी रिकामी राहिली की लांबी वाळून तडके, आणि पुन्हा पाणी भरताच कोपऱ्यातून बारीक धार लागे. 1960 नंतरच्या दशकांत सिलिकॉनने काचेस काच चिकटवण्याची रीत रूढ झाली, तेव्हा चौकट गेली आणि गंजही गेला. आपल्याकडे 1951 साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. काचेआडच्या माशाचे दर्शन सामान्य मराठी कुटुंबासही त्यामुळे सुलभ झाले.

आमच्या घरी पेटी आली ती मात्र पुष्कळ उशिरा, आणि तिची निवड मी केवळ डोळ्यांनी केली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी आडवी पेटी दुकानात होती. पण तेवढीच उभी केल्यासारखी दुसरी कोपऱ्यात अधिक शोभेल, या मोहाने मी ती उचलली. पाणी दोहोंत सारखेच, सुमारे 56 लिटर. हवेला उघडे राहणारे तोंड मात्र उभ्या पेटीत निम्मे, आणि पाण्यात प्राणवायू शिरतो तो त्या तोंडातूनच. शिवाय तळाची रेती साफ करावयाची तर खांद्यापर्यंत हात बुडवावा लागे, आणि झाकणाची खिडकी इतकी अरुंद की कोपर अडकून बाही भिजे. माशांच्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया पचवणारे सूक्ष्म जीव रेतीत आणि फिल्टरात रुजण्यास काही आठवडे लागतात, हे न जाणता पहिल्याच दिवशी पेटी भरून टाकल्याचा दंड माशांनी भरला, आणि ती कसूर पेटीच्या माथी मारता येण्यासारखी नव्हती.

पेटी बदलण्याची तजवीज मी पुढे केली नाही. तिच्या उणिवांचा हप्ता मात्र ठरवून घेतला. मासे थोडे, दाणे त्याहून थोडे, आणि दर रविवारी रात्रभर मोकळे ठेवलेले दोन बादल्या पाणी नळीने बदलावयाचे. आषाढात वीज गेली की एअरपंपाची घरघर थांबते, मासे तोंडे वर करून पृष्ठभागाशी येतात. तेव्हा मी झाकण काढून ठेवतो, तांब्याने पेटीतलेच पाणी उचलतो आणि हातभर उंचीवरून पुन्हा तिच्यात सोडीत राहतो. बाहेर सावित्री दुथडी वाहत असते आणि तिचे एवढेसे काम माझ्या मनगटाकडे आलेले असते.