चेन्स्तोहोवा

दक्षिण पोलंडमधील वार्ता नदीकाठचे औद्योगिक शहर आणि देशातील सर्वांत मोठे कॅथलिक तीर्थक्षेत्र. लोकसंख्या सुमारे दोन लाख. नदीकाठचे जुने गाव आणि पश्चिमेच्या टेकडीवरील यास्ना गुरा मठ यांना एक सरळ, रुंद रस्ता जोडतो. बहुतेक यात्रेकरू या रस्त्याचे पश्चिम टोक तेवढे पाहून परततात. शहर मात्र दोन्ही टोके पाहिल्याशिवाय कळत नाही.

गावाचा पहिला लेखी उल्लेख १२२० मधला. पोलिश भाषेत ‘चेन्स्तो’ म्हणजे वारंवार आणि ‘होवा’ म्हणजे लपवतो. चढउताराच्या वाटेने येताना टेकडी दिसते, लपते, पुन्हा दिसते, म्हणून हे नाव पडले, असे लोक सांगतात. भाषाभ्यासक ते चेन्स्तोह या व्यक्तिनामावरून आले असे मानतात. भाषाभ्यासकांचे खरे असले, तरी यात्रेकरूंच्या तोंडी पहिलीच कथा असते.

यास्ना गुरा म्हणजे उजळ टेकडी. ओपोलेचा ड्यूक व्वादिस्वाव याने १३८२ मध्ये हंगेरीतून पॉलीन संप्रदायाचे भिक्षू आणून येथे मठ स्थापला. थोड्याच काळात मठात आलेल्या मरियेच्या चित्राने या टेकडीचे भाग्य पालटले. लाकडी फळीवरचे हे चित्र सुमारे १२२ सेंटिमीटर उंच आणि ८२ सेंटिमीटर रुंद असून बायझंटाइन परंपरेतील आहे. डाव्या हातावर बालयेशू, उजवा हात त्याच्याकडे निर्देश करणारा, अशी त्याची रचना आहे. चेहऱ्याच्या गडद छटेमुळे मरियेला ‘काळी माता’ म्हणतात. पवित्र कुटुंबाच्या जेवणाच्या मेजाच्या फळीवर संत लूकने स्वतः हे चित्र रंगवले, अशी श्रद्धा आहे.

मरियेच्या उजव्या गालावरचे व्रण १४३० चे. त्या वर्षी ईस्टरच्या दिवसांत लुटारूंनी मठावर धाड घातली, चित्राचे अलंकार ओरबाडले, फळी फोडली आणि चेहऱ्यावर शस्त्राचे वार केले. दुरुस्तीसाठी चित्र क्राकुफच्या राजदरबारी गेले. ते जवळजवळ नव्याने रंगवावे लागले, पण गालावरचे व्रण बुजवले गेले नाहीत. पुढच्या शतकांत आक्रमण, फाळणी आणि परकी सत्ता सोसलेल्या देशाला मातेच्या चेहऱ्यावरची ती जखम आपलीच वाटली, यात नवल नाही. लुटारूंनी चित्र जिथे टाकून दिले, ती जागा म्हणून टेकडीच्या पायथ्याचे संत बार्बराचे सतराव्या शतकातील चर्च दाखवतात. तिथल्या झऱ्याचे पाणी भाविक बाटल्या भरून घरी नेतात.

चित्र मातेच्या चॅपेलमध्ये आहे. त्याची आबनूस आणि चांदीची वेदी १६५० मध्ये राज्याचा चॅन्सेलर येझी ओसोलिन्स्की याने अर्पण केली. चित्रावर चांदीचा पडदा असतो. तुताऱ्या आणि नगाऱ्यांच्या गजरात तो वर सरकतो, तेव्हा दाटीवाटीने उभे असलेले लोक गुडघ्यांवर येतात. भिंती नवसाच्या वस्तूंनी भरलेल्या आहेत : चांदीचे हात, पाय, हृदये, पोवळ्यांच्या माळा, बरे झालेल्यांनी मागे ठेवलेल्या कुबड्या. मठाच्या संग्रहात कामगारनेते लेख वाउएन्सा यांचे १९८३ चे नोबेल पदक आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांचा १९८१ च्या हल्ल्यात गोळीने भोक पडलेला आणि रक्ताने माखलेला कमरपट्टाही मठात आहे.

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात मठाभोवती तटबंदी आणि बुरूज उभे राहिले. त्यांची परीक्षा १६५५ मध्ये झाली. जवळजवळ सारा पोलंड स्वीडिश सैन्याच्या हाती गेला असताना जनरल म्यूलरने १८ नोव्हेंबरला मठाला वेढा दिला. आत काही शे सैनिक, सरदार आणि भिक्षू होते. त्यांचे नेतृत्व मठाधिपती ऑगुस्तिन कोर्देत्स्की याच्याकडे होते. २७ डिसेंबरला स्वीडिश फौज वेढा उठवून निघून गेली. हेन्रिक शेन्केविचच्या ‘पोतोप’ या कादंबरीने हा प्रसंग घरोघरी पोहोचवला. इतिहास थोडा अधिक गुंतागुंतीचा आहे. मूळ चित्र आधीच गुपचूप सायलीशियात हलवलेले होते, म्हणजे ज्या वेदीसाठी लोक लढले तिच्यावर प्रतिकृती होती. मुत्सद्दी कोर्देत्स्कीने स्वीडिश राजाची सत्ता मान्य करणारे पत्रही धाडले होते. तरीही वेढा फसल्याचा परिणाम मोठा झाला. १ एप्रिल १६५६ रोजी राजा यान काझिमिएशने ल्वूफ येथे मरियेला पोलंडची राणी घोषित केले. ८ सप्टेंबर १७१७ रोजी पोपने पाठवलेले मुकुट चित्राला चढवले गेले. ते १९०९ मध्ये चोरीला गेल्यावर पोप पायस दहावे यांनी नवे मुकुट पाठवले.

अठराव्या शतकात पोलिश सरदारांच्या बार संघटनेच्या बंडात काझिमिएश पुलास्कीने हाच किल्ला रशियनांविरुद्ध लढवला. पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात मारला गेलेला पुलास्की तो हाच. १८१३ मध्ये झार अलेक्झांडर पहिला याने तटबंदी पाडायला लावली. आज दिसणाऱ्या तटाचा काही भाग १८४० च्या दशकात पुन्हा बांधलेला आहे. १८८९ मध्ये रशियन सत्तेने मठासमोरच झार अलेक्झांडर दुसरा याचा पुतळा उभारला. मातेला नमस्कार करायला जाणाऱ्या प्रत्येकाला झारसमोरून जावे लागे. १९१७ मध्ये पुतळा हटवला गेला. जुन्या खंदकाच्या जागी आता क्रुसाच्या वाटेचे चौदा टप्पे आहेत, त्यांतील शिल्पे पियुस वेलोन्स्की याची.

मठाचा १०६ मीटर उंच मनोरा शहरात शिरण्याआधीच दिसतो. १९०० च्या आगीत त्याचा वरचा भाग कोसळला आणि १९०६ मध्ये तो आजच्या रूपात पूर्ण झाला. टोकावर चोचीत भाकरी धरलेला डोमकावळा आहे. वाळवंटातल्या संत पॉलला रोज भाकरी आणून देणारा हा पक्षी पॉलीन भिक्षूंचे चिन्ह आहे.

पायी यात्रेची परंपरा जुनी आहे. वॉर्सातील दिंडी १७११ च्या प्लेगच्या साथीत बोललेल्या नवसाने सुरू झाली. दर ऑगस्टमध्ये ती सुमारे २४० किलोमीटर चालून १४ तारखेला पोहोचते आणि दुसऱ्या दिवशी स्वर्गारोहणाचा सण असतो. साम्यवादी राजवटीला ही गर्दी नेहमीच अडचणीची वाटली. २६ ऑगस्ट १९५६ रोजी लाखो लोकांनी येथे राष्ट्राची प्रतिज्ञा घेतली, तेव्हा कार्डिनल स्तेफान विशिन्स्की नजरकैदेत होते. त्यांची खुर्ची रिकामी ठेवून तिच्यावर फुलांचा गुच्छ ठेवला होता. पुढच्या वर्षी चित्राची एक प्रतिकृती देशभर गावोगाव फिरू लागली. १९६६ मध्ये सरकारने ती मठात अडकवून ठेवली आणि बाहेर पोलीस पहारा बसवला. लोकांनी रिकामी चौकट फिरवायला सुरुवात केली. ती १९७२ पर्यंत फिरत राहिली आणि प्रतिकृतीइतक्याच भक्तीने तिचे स्वागत झाले. सत्तेला यातून काय मिळाले, हे तिलाच ठाऊक.

मठाच्या दारापासून पूर्वेकडे जाणारा रस्ता म्हणजे परमपवित्र कुमारी मरियेचा मार्ग. टेकडीखालचे नवे चेन्स्तोहोवा आणि नदीकाठचे जुने चेन्स्तोहोवा अशी दोन वेगळी गावे होती. १८२६ मध्ये ती एक झाली आणि त्यांच्यामधल्या शेतांतून हा सुमारे दीड किलोमीटरचा, झाडांच्या रांगा असलेला रस्ता आखला गेला. त्याच्या मध्यावर, डॉक्टर आणि तत्त्वचिंतक व्वादिस्वाव बिएगान्स्की यांच्या नावाच्या चौकात, १८२८ चे नगरभवन आहे. नव्या एकत्रित शहराने स्वतःसाठी बांधलेली ही साधी, अभिजात शैलीतील इमारत आता शहराचे संग्रहालय आहे. जवळचे संत याकोबाचे चर्च १८७० ते १८७२ दरम्यान रशियन ऑर्थोडॉक्स प्रार्थनास्थळ म्हणून बांधले गेले. पहिल्या महायुद्धानंतर ते कॅथलिकांकडे आले.

१८४६ मध्ये वॉर्सा–व्हिएन्ना रेल्वे येथे पोहोचली आणि तीर्थक्षेत्राचे कारखान्यांचे शहर झाले. कापड, पोलाद, आगपेट्या. आगपेट्यांचा एकोणिसाव्या शतकातला कारखाना आता संग्रहालय आहे. कामगारांची वस्ती रुळांच्या पूर्वेला वाढली आणि १९०१ पासून तिच्यासाठी पवित्र कुटुंबाचे भव्य निओगॉथिक चर्च उभारले जाऊ लागले. १९२५ मध्ये शहरात बिशपचे पीठ आले आणि हेच चर्च कॅथेड्रल झाले. जोड मनोऱ्यांची ही वास्तू देशातल्या मोठ्या चर्चांपैकी एक आहे, पण यात्रेकरू तिच्याकडे फारसे वळत नाहीत.

पूर्वेचा हा भाग ज्यूंचाही होता. दुसऱ्या महायुद्धापूर्वी शहरात सुमारे २८,००० ज्यू राहत. ४ सप्टेंबर १९३९ ला, जर्मन सैन्य शिरल्याच्या दुसऱ्याच दिवशी, शेकडो नागरिक मारले गेले. त्याच वर्षी नाताळात नवे सिनेगॉग जाळले गेले. १९४१ च्या एप्रिलमध्ये जुन्या बाजाराभोवती घेट्टो आखला गेला आणि २२ सप्टेंबर १९४२ पासून काही आठवड्यांत, बाहेरून आणलेल्या ज्यूंसह, सुमारे ४०,००० माणसे गाड्यांत कोंबून ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत पाठवली गेली. जून १९४३ मध्ये उरलेल्यांनी सशस्त्र प्रतिकार केला, तो चिरडला गेला. जळालेल्या सिनेगॉगच्या जागी १९६० च्या दशकात फिलहार्मोनिकचे सभागृह झाले. त्याला १८८२ मध्ये याच शहरात जन्मलेला व्हायोलिनवादक ब्रोनिस्वाव हुबेरमान याचे नाव आहे. युरोपातून पळालेल्या ज्यू वादकांना घेऊन १९३६ मध्ये पॅलेस्टाईनमध्ये वाद्यवृंद उभारणारा तो हाच.

गाड्या जिथून सुटत, त्या रुळांजवळ २००९ पासून एक स्मारक आहे : मधोमध तडकलेली विटांची भिंत आणि रेल्वेच्या रुळांपासून बनवलेला डेव्हिडचा तारा. शिल्पकार सॅम्युएल विलेनबर्ग १९२३ मध्ये येथेच जन्मला आणि ट्रेब्लिंकाच्या उठावातून जिवंत सुटला. त्याच्या वडिलांनी, चित्रकार पेरेत्स विलेनबर्ग यांनी, शहरातल्या जुन्या सिनेगॉगच्या भिंती रंगवल्या होत्या.